मिठातला धवला

पुंडलिक : ती पुडी फेकू नको. निमेश, उचल ती.

निमेश : कुठली, ही? ही काही कामाची नाही काका. नवीन डिस्कच्या खोक्यात येतेच. टाकूनच द्यायची असते.

पुंडलिक : टाकतोस काय? तिच्यावर तर डिस्क टिकते. कंपनी येडी हाय का पुडी घालायला?

उन्नती : बाबा, बोईसरचं दुकान बंद ठेवून दातिवऱ्याला आलाय तो आपल्यासाठी. त्याचं काम त्याला करू दे.

पुंडलिक : करू दे की. मी कुठं हात धरलाय त्याचा? पुडी दे इकडं, मी ठेवतो.

निमेश : घ्या. आता नीट ऐका, मग मला फोन करून विचारू नका. आज दोन डिस्क लावून देतो. ही पहिली कॉम्प्युटरला जोडलेली राहील. पण तुमच्या मोठ्या स्पीकरच्या बाजूला नाही, वरच्या फळीवर. स्पीकर वाजला की हे टेबल थरथरतं, डिस्कला ते सोसत नाही. आणि ही दुसरी. पहिलीत जे असेल ते जसंच्या तसं हिच्यात. ती या घरात ठेवायचीच नाही.

पुंडलिक : मग कुठं, तुझ्या दुकानात?

निमेश : उन्नतीच्या सासरी ठेवा, माहीमला. एकाच घरात दोन्ही असल्या आणि उधाणाचं पाणी शिरलं, तर दोन्ही एकदम गेल्या.

पुंडलिक : हे पटलं बघ. होडीत बी आमी दोन नांगर ठेवतो. एक तुटला तर दुसरा.

उन्नती : लोक लेकीबरोबर भांडी पाठवतात. माझा बाप डिस्क पाठवतोय.

पुंडलिक : भांडी बी देतोय की. पण भांड्यात तुझ्या आयचा आवाज नाय ना.

निमेश : काकू कुठे आहेत?

उन्नती : मागच्या अंगणात. सुरमई आलीय, ती खारवत बसलीय. आज मांडव उभा राहिला ना, सकाळपासून तिचं चित्त थाऱ्यावर नाय. ती बघ, वाजवली थाळी.

निमेश : वाटीने वाजवतात का? मला वाटलं शेजारी काहीतरी पडलं.

उन्नती : गळ्यातून आवाज निघत नाय, मग करणार काय? एकदा वाजवली की 'इकडे या'. भराभरा वाजवली की 'अजून किती वेळ'.

पुंडलिक : सांग तिला, झालंच म्हणावं. एवढं थांबली, आता घटकाभर थांब.

निमेश : म्हणजे काकूंनी स्वतःसुद्धा ते रेकॉर्डिंग अजून ऐकलं नाही? ऑपरेशनला चार वर्षं झाली असतील.

पुंडलिक : कुणीच नाय ऐकलं. अरे, धवला म्हणजे लग्नातलं गाणं. हळदीपासून सासरी धाडेपर्यंत बाई गाते, तिला धवलारीण म्हणतात. मंजुळानं ह्या किनाऱ्यावरची किती लग्नं लावली, मोजदाद नाय. तिचा नेम असा, दारात मांडव नसताना धवला गायचा नाय आणि ऐकायचा बी नाय. घराला बरं नसतं म्हणते.

निमेश : पण त्या दुपारी गायल्या ना? माइक तर मीच लावला होता.

पुंडलिक : डॉक्टर म्हणाला, गाठ वाईट हाय, स्वरयंत्रच काढायला लागंल. तेव्हा मोडला तिनं नेम. रडत मोडला. लेकीच्या लग्नात कोण गाणार, एवढीच एक चिंता. पण मला शपथ घातली, मांडव उभा राहीपर्यंत हे लावायचं नाय. मी नाय लावलं. एकदा बी नाय.

निमेश : आठवतंय मला. पंखा बंद, खिडक्या बंद. मी घामाने निथळत होतो.

पुंडलिक : अख्खा पाडा गप होता त्या दिवशी. कुणी इंजिन चालू करीना. सुतारानं होडीवरचं काम थांबवलं. शेजारच्या लाडकीनं तर आपला कोंबडा टोपलीखाली कोंडला, मधेच आरवायला नको म्हणून.

उन्नती : मी त्या दाराला कान लावून उभी होते. शेवटच्या धवल्यात माझं नाव होतं. आजीचं, पणजीचं नाव घेतलं, आणि मग माझं. पुढचं ऐकू आलं नाय, मलाच रडू फुटलं.

पुंडलिक : आज ऐक पोटभर.

निमेश : चला, द्या ती जुनी डिस्क. आधी या दोन्हींत उतरवून घेतो. मग काकूंना हाक मारा, त्यांच्यासमोर लावू.

पुंडलिक : आणतो. कुणाला हात लावू देत नाय मी तिला.

उन्नती : खरंच नाय देत. कुठं ठेवलीय ते मला बी माहीत नाय. दादाला बी नाय. विचारलं तर म्हणतो, माझ्याकडं हाय ना, मग झालं.

निमेश : जपलीय म्हणजे बरंच आहे. लोक टीव्हीवर ठेवतात, पोरं खाली पाडतात. काका, ही बरणी कशाला आणलीत?

पुंडलिक : डिस्क मागितलीस ना?

निमेश : लोणच्याच्या बरणीत?

पुंडलिक : लोणचं नाय. थांब, वरचं मीठ काढू दे. हां, लागली हाताला. ही बघ. फडक्यात गुंडाळून मधोमध ठेवलीय. खाली वीतभर मीठ, वर वीतभर मीठ.

उन्नती : बाबा.

पुंडलिक : काय?

उन्नती : तू मिठात ठेवलीस?

पुंडलिक : मग कशात ठेवू? ह्यानंच सांगितलं होतं, काका, तुमच्याकडं खारं वारं, सर्द हवा लागू देऊ नका. डिस्कबरोबर पुडी होती, अशीच. ती एक दिवस फाटली. बघतो तर आत पांढरे खडे. म्हटलं, वा, कंपनी बी मीठच घालते. पण पुडी एवढीशी आणि आपला पावसाळा केवढा. तेवढ्यानं काय भागणार? मग घरचं घातलं. आपलं मीठ काय वाईट हाय? वर्ष वर्ष मासा टिकतो त्याच्यात. असा काय बघतोस माझ्याकडं?

निमेश : काका, ते मीठ नव्हतं.

पुंडलिक : मग काय होतं?

निमेश : वेगळी वस्तू असते ती. ओल शोषून आपल्यातच ठेवते, बाहेर सोडत नाही. द्या ती डिस्क. अशीच द्या, पुसू नका. फडकं ओलं आहे.

पुंडलिक : थोडं ओलं असणारच. मीठ पाणी ओढतं.

निमेश : तेच सांगतोय ना. माशात पाणी असतं, ते ओढून बाहेर काढतं. डिस्कमध्ये कुठलं पाणी? मग हवेतलं ओढलं. आणि त्या खाऱ्या पाण्यात डिस्क बसून राहिली.

पुंडलिक : पावसात बरणीच्या तळाला पाणी बसायचं. मी ओतून टाकायचो. नवीन कोरडं मीठ भरायचो. दर आषाढात.

उन्नती : निमेश, लावून तर बघ.

निमेश : बघतोय. ही जोडायची जागाच हिरवी पडलीय. वायर आत जात नाहीये. थांब, ब्रश आहे माझ्याकडे. गेली आत. पण दिवा लागत नाही.

उन्नती : दुसऱ्या वायरनं?

निमेश : दुसरीच आहे ही. उन्नती, वरचं झाकण काढू का? एरवी काढायचं नसतं.

उन्नती : काढ.

पुंडलिक : हळू काढ.

निमेश : हे बघा. आत ही तबकडी असते, आरशासारखी लख्ख. तिच्यावरच सगळं असतं. हिच्यावर सगळे डाग पडलेत. ही सुई चिकटून बसलीय, हलत नाही.

पुंडलिक : पुसून होत नाय का?

निमेश : नाही काका.

उन्नती : कॉम्प्युटरमधे असंल की. गायली तेव्हा आधी कॉम्प्युटरमधेच उतरलं होतं. तू मग डिस्कमधे घातलंस. बरोबर ना?

निमेश : बरोबर, पण मघाशीच बघितलं मी. हा कॉम्प्युटर कोणीतरी पूर्ण पुसून नव्याने भरलाय. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.

उन्नती : दादानं. थांब, फोन लावते. हॅलो, दादा? कंपनीत हायेस ते माहीत हाय, एकच सांग. घरचा कॉम्प्युटर तू पुसलास तेव्हा आयची गाणी कुठं काढून ठेवलीस? ... काढली नाय? ... का नाय काढलीस? ... हं. ... हं. ... नाय, काय झालं नाय. संध्याकाळी ये लवकर.

पुंडलिक : काय म्हणतो भाग्येश?

उन्नती : म्हणतो, फार हळू चालायचा म्हणून पुसला. बाबाला विचारलं होतं. बाबा म्हणाला, पूस बिनधास्त, डिस्क माझ्याकडं पक्की हाय.

पुंडलिक : म्हणालो होतो. असंच म्हणालो होतो.

निमेश : काका, लग्नांचे व्हिडिओ असतील ना? एवढ्या लग्नांत गायल्या काकू.

पुंडलिक : हायेत की, घरोघरी हायेत. त्यात मंजुळा तोंड हलवताना दिसते, आणि वरून सिनेमाचं गाणं. व्हिडिओवाल्याला धवला कशाला लागतोय?

उन्नती : आणि मला माझं नाव असलेला पायजे, निमेश. तो एकदाच गायला तिनं. लाडकीआजी म्हणायची, ये, तुला आयचे धवले शिकवते. मी जाणार होते. तर सगळे म्हणाले, आता कशाला, आयच्या आवाजात भरून ठेवलंय. ह्या पाड्यात एका पोरीनं शिकून घेतलं नाय. भरून ठेवलंय ना. आता लाडकीआजी बी गेली.

पुंडलिक : माझ्यावर राग काढ. मनात ठेवू नको.

उन्नती : कसला राग काढू, बाबा? तळहाताच्या फोडासारखं जपलंस तू. कुठं बी टाकून ठेवली असतीस तरी चालली असती.

निमेश : मुंबईत एक जण आहे, अशा बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देतो. मी पाठवून बघतो. पण लग्नाच्या आधी तर नाहीच. आणि ही तबकडी बघितल्यावर मी तुम्हाला होईल असं सांगू शकत नाही.

पुंडलिक : तू असतास माझ्या जागी तर आशा धरली असतीस?

निमेश : नसती धरली.

पुंडलिक : मग झालं. त्या नव्या दोन तयार हायेत?

निमेश : तयार आहेत. दोन्ही रिकाम्या.

उन्नती : थाळी. भराभरा वाजवतेय.

निमेश : काकूंना सांगू, मशीन बिघडलंय. लग्न होऊ दे, नंतर सांगा.

पुंडलिक : हळद लागताना ती स्पीकरपाशी येऊन बसंल. तेव्हा काय सांगू? चार वर्षं ती बाई ह्या एका दिवसाकडं डोळे लावून बसलीय.

उन्नती : मी सांगते.

पुंडलिक : तू नको. मीठ मी घातलं.

(मागच्या दारातून मंजुळा आत येते. हात कोपरापर्यंत मिठाने पांढरे, गळ्याला रुमाल. ती थेट स्पीकरसमोरच्या खुर्चीत जाऊन बसते आणि पदर डोक्यावर घेते.)

पुंडलिक : मंजुळा, पदर कशाला घेतलास? अजून नाय लागलं काही. इकडं बघ. कॉम्प्युटरकडं नको, माझ्याकडं बघ.

निमेश : काकू, पाणी देऊ का?

पुंडलिक : थांब रे. मंजुळा, तुझा धवला गेला. ह्या निमेशचा दोष नाय. भाग्येशचा नाय. मी तो बरणीत ठेवला होता, मिठात. मासा ठेवतो तसा. मला वाटलं टिकंल. मीठ कुणाला दगा देत नाय असं वाटलं मला. खराब झाला. लागत नाय.

उन्नती : आय. काय म्हणतेस? हात परत कर, कळलं नाय मला.

पुंडलिक : मला कळलं. विचारते, माझ्या लेकीचा बी?

उन्नती : तो बी, आय. सगळा.

पुंडलिक : आता गळ्याकडं बोट दाखवते. मग त्या डिस्ककडं. हो, मंजुळा. तुझा आवाज तेवढाच उरला होता. माहीत हाय मला. मार मला हवं तर. काहीतरी कर. नुसती बसू नको अशी.

उन्नती : आय, माझ्याकडं बघ. मी गप्प लग्न करीन. बिनधवल्याचं करीन. तू शेजारी उभी राहा, बस.

निमेश : काकू उठल्या. बरणी घेऊन कुठे निघाल्या?

पुंडलिक : जाऊ दे. फेकून देत असंल. माझ्या डोक्यात घातली असती तरी मी हूं की चूं केलं नसतं.

निमेश : उन्नती, जा ना त्यांच्यामागे.

उन्नती : इथूनच दिसतेय. फेकली नाय. परत माशांच्या पाटीपाशी जाऊन बसली.

पुंडलिक : रडते?

उन्नती : पाठ हाय इकडं. रडली तरी ऐकू कुठं येतं तिचं?

पुंडलिक : मग करते काय?

उन्नती : सुरमईला मीठ लावते. त्याच बरणीतलं.

पुंडलिक : लावू दे. नायतर नासंल ती.