फलाट क्रमांक चार

सोनोग्राफीच्या रांगेत माझ्या मागच्या बाकावर दोघी मायलेकी बसल्या होत्या.

"आई, डॉक्टर म्हणतात, बाळाशी बोलत जा. काय बोलू गं? भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

"मी तरी कुठे बोलले तुझ्याशी? बसस्टँडवर दिवसभर माईकसमोर. घरी आल्यावर बोलणंच नको व्हायचं."

"मग?"

"मग काय! जन्मलीस ती भोकाड पसरूनच. आजीनं अंगाई म्हटली, मावशीनं खुळखुळा वाजवला. छे! शेवटी मीच वैतागून म्हटलं, 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.' तशी टुकुटुकु बघत गप्प झालीस."

"काहीतरीच!"

"मावशीला विचार. पुढे वर्षभर तुला झोपवायला घरात गाड्या सोडत होते मी."

"आता म्हणतेस कधी?"

"आता तिथे रेकॉर्ड लावतात. माझं कोण ऐकतंय?"

"मी ऐकते. म्हण ना."

"इथे? लोक हसतील."

"हळू म्हण."

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवरची गाडी थोड्याच वेळात..."

"आई!"

"काय गं, चुकलं?"

"थांबू नकोस. हात दे तुझा. इथे ठेव."