भोकरदन-जाफराबादचा सायकलफेरा

तुम्ही कधी काही कारण नसताना सायकलवर माहेराच्या गावावरून गेलात का?

लेकीला शाळेतून मिळालेली सायकल दारात उभी होती. मी ह्यांना म्हणाले, "भोकरदनहून जाफराबादला जाते आणि दुसऱ्या रस्त्यानं संध्याकाळपर्यंत परत येते."

हे हसले. "अर्ध्यातून सायकल जीपच्या टपावर टाकून येशील."

मंग काय, भाकरी बांधली नि निघालेच.

पहिल्याच गावात मावससासूबाईंनी अडवलं. "भांडून निघालीस का गं?"

"न्हाई मावशी, फिरायला."

"फिरायला जाणारी बाई भाकरी बांधून नेती का?"

पुढच्या दोन गावांतही हेच. माहेरी, जाफराबादला, भाऊ रस्त्यातच उभा. बहीण भांडून निघाली म्हणून त्याला फोन आल्ता.

"अक्का, दाजी काय बोलले?"

"काहीच न्हाई रे."

"बघा, अजून त्यांनाच सांभाळून घेऊन राह्यली! सायकल टाक जीपवर, मी सोडतो."

जीपचं नाव काढताच मी जोरात पायडल मारलं.

संध्याकाळी फेरा पुरा करून घरी पोहोचले, तर भाऊ जीपनं माझ्याआधीच आल्ता. हे त्याच्यासमोर गुन्हेगारासारखे बसलेले.

"अगं, सांग ना ह्याला, आपलं भांडण न्हाई झालं!"

मी पाय चोळत म्हणाले, "दिवसभर तेच सांगितलं. माझं कोणी ऐकत न्हाई. आता गावोगाव तुम्हीच सांगा."

"बराबर," भाऊ म्हणाला. "आणि दाजी, सायकलवरच जायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे भाकरी बांधून लेकीच्या सायकलवर निघाले.