मनीषाचा शेवटचा राक्षस

ऐका, आमच्या कडाव गावातली परवाचीच गंमत! मी मुद्दाम डोकावत नाही, पण शेजारच्या मनीषाची खिडकी उघडीच होती. ही मोबाइलवर पत्ते टाकून राक्षस मारायचा खेळ खेळतेय आणि गॅसवर दूध वर आलेलं.

"अगं, दूध बघ!"

"काकू, शेवटचा राक्षस हाय. मेले तर पुन्हा पहिल्यापासून!"

"तो वार कधी करणार?"

"माझी खेळी संपल्याशिवाय हलत नाय तो."

"मग बसू दे की त्याला! दूध थांबणार हाय का?"

धावत जाऊन तिनं गॅस बंद केला. परत येऊन मोबाइलात बघते तर तिच्या पत्त्यांत एक ढालीचा पत्ता! मघाशी घाईत दिसलाच नव्हता. ढालीनं वार अडला आणि पुढच्याच पत्त्याला राक्षस आडवा! आम्ही दोघी अशा ओरडलो की गोठ्यातून तिचे सासरे पळत आले.

"दूध गेलं का गं?"

"नाय मामा, राक्षस गेला!"