ओओला मिळालेलं उत्तर

नाही, चहा घ्या. चहा घेतलात म्हणून तुम्ही माझ्या बाजूचे झालात असं मी धरणार नाही. आणि ते काका म्हणणं राहू द्या, गिरीश — दारातच काका म्हणणारी माणसं काहीतरी न्यायला आलेली असतात, अमेरिकेत, या ॲन आर्बरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं. फोनवर म्हणालात, नुसतं भेटायला येतो. असल्या बर्फात ड्राइव्ह करून रिटायर्ड प्राध्यापकाला नुसतं भेटायला कोण येतं? कोणी येत नाही. तुम्हाला माझी कॅसेट हवी आहे. पक्ष्यांचे आवाज जमवणाऱ्या त्या लॅबनं पाठवलं असेल. लॅबनं म्हणजे नेमकं कोणी — जाऊ दे, सांगू नका, खरं सांगणार नाही तुम्ही.

ओओ ऐकलाय कधी? टेपवर सगळेच ऐकतात, जंगलात म्हणतोय मी. नाही ना. हवाईतल्या काउआई बेटावर, वर डोंगरमाथ्याच्या पाणथळ जंगलात, जगात फक्त तिथंच. काळा पक्षी, मांड्यांवर तेवढी पिवळी पिसं, आवाज बासरीचा. नर-मादी मिळून गातात, एकानं सोडलं की दुसऱ्यानं उचलायचं. ब्याऐंशीच्या वादळानंतर मादी कोणाला दिसली नाही. एकटा नर उरला — तो गायचा आणि मधे थांबायचा, तिच्यासाठी जागा ठेवल्यासारखा. ती जागा रिकामीच जायची. आणि चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात मी जे टेप केलं, त्यात त्या जागी उत्तर आहे. दुसरा पक्षी. माझा सगळा दावा एवढाच. पक्षी एकच असेल तर संपलं, दोन असतील तर संपलेलं नाही. कॉन्फरन्समध्ये ऐकवलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कॉफीच्या वेळी माझ्या टेबलाशी कोणी आलं नाही. तेव्हापासून मी कॅसेट कोणाला देत नाही. तुम्ही ती मशीनवर चढवणार, आवाजाचा आलेख काढणार, आणि जुन्या रेकॉर्डिंगच्या आलेखावर ठेवून बघणार. जिवंत पक्षी एकच गाणं दोनदा हुबेहूब गात नाही. टेप गाते.

काय? नाही, तिथं दुसरी टेप होती असं मी म्हटलं नाही — म्हणजे होती, असतेच. सगळेच नेतात. जुनं गाणं वाजवायचं, थांबायचं, पक्षी फसला तर उत्तर देतो, तीच तर पद्धत आहे. वाजवायचा टेपरेकॉर्डर सुमेधाकडे होता. माझी बायको. तिला पक्ष्यांत काही रस नव्हता हो, गुडघे दुखायचे, तरी आली, कारण तिच्या मते एकटा सोडला की मी जेवत नाही. नेच्यांच्या पलीकडे पडलेल्या खोडावर बसवलं होतं तिला, रेनकोटात, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन. मी हात वर केला तरच वाजव, नाहीतर हात लावू नकोस, असं बजावलं होतं. मी हात वर केला नाही. म्हणजे — माझे डोळे मिटलेले होते, पण हात खालीच होते, माइक होता ना हातात.

उत्तर कुठून आलं? तुम्हाला काय करायचंय कुठून आलं ते. नेच्यांच्या बाजूनं. तिकडे झाडं होती, सगळं रान होतं, फक्त सुमेधाच होती असं नाही. मग ती आली आणि म्हणाली, मिळालं ना तुम्हाला? बघा, ऐकलंत का, असं नाही म्हणाली. मिळालं ना. त्यावर मी किती विचार केलाय — आणि विचार करणारा मीच, माझ्यावर तरी कितपत भरवसा ठेवावा. विचारलं का नाही? तुमचं लग्न झालेलं दिसत नाही. त्या आठवड्यात ती मला पोळी भाजी वाढताना गुणगुणत होती, त्या बाईला मी विचारू की तू मला फसवलंस का? मग तिचं दुखणं आलं. मग विचारायला कोणी राहिलं नाही.

आणि माझं सोडा. तो नर उडाला होता. उत्तराच्या दिशेनं, माझ्या डोक्यावरून, पंखांचा आवाज आहे टेपवर. तिकडे मादी असेल तर उत्तम. नसेल तर तो एका म्हातारीच्या मांडीवरच्या टेपरेकॉर्डरपाशी जाऊन बसला असणार, आणि तिनं ते बघितलं असणार, आणि मला शेवटपर्यंत —

तुम्ही कपाटाकडे का बघताय? आणि हे काय काढलंत बॅगेतून? जुन्या रेकॉर्डिंगची कॉपी. म्हणजे इथंच, माझ्याच घरात, दोन्ही लावून बघायचं ठरवून आलात. वाटलंच होतं मला. चहा राहू द्या, बूट घाला. पायऱ्यांवर बर्फ वितळवायचं मीठ टाकलेलं नाही, सांभाळून उतरा. अहो, ती तुमची कॅसेट उचला टेबलावरून. विसरल्यासारखं करू नका. ती इथं राहिली तर मी लावीन.

उचला म्हणतोय ना. दार ओढून घ्या.