गाडीखालची फरशी

“‘आई, मी येईपर्यंत माझी गाडी लख्ख ठेव,’ असं लेक जाताना बजावून गेली होती. तीन वर्षं ठेवली हो!”

गॅरेजच्या बाकावर आपल्या स्कूटरची वाट बघत बसलेल्या बाईंचे कान नकळत तिकडे वळले.

“काकू, गाडी लख्खच आहे,” मेकॅनिक म्हणाला. “पण गिअरचं तेल निम्मं गेलंय. काका, खाली डाग पडायचे का?”

“एक थेंब नाही! मी रोज सकाळी वाकून बघायचो.”

“तुम्ही उठायच्या आत मी फरशी पुसून मोकळी व्हायचे.”

“म्हणजे डाग होते?”

“लालसर. मला वाटलं, वरच्या कुंड्यांमधलं मातीचं पाणी. साबणाशिवाय निघायचे नाहीत मेले.”

“धन्य आहे तुझी!”

“नेमके कुठे पडायचे, काकू?”

“पुढच्या चाकांच्या जरा मागे, मधोमध.”

“मग सापडलं! हे तेल लालच असतं. गाडी खूप दिवस उभी राहिली की तेल खालच्या चेंबरमध्ये उतरतं आणि वाळलेल्या गॅस्केटमधून, म्हणजे जोडावरच्या पट्टीतून पाझरतं. बदलून देतो, पण गाडी उद्या मिळेल.”

“उद्या?” काका म्हणाले. “अहो, लेक आज संध्याकाळी उतरतेय! तिला तिच्याच गाडीतून आणायचं कबूल केलंय आम्ही.”

“गाडीचं तुम्ही कबूल केलंत. मी तिला म्हणाले होते, विमानतळाच्या दारातून बाहेर येशील तेव्हा पहिली मीच दिसेन.”

“थांब गं, गळतंय कुठून ते बघू तरी दे.” काका मेकॅनिकशेजारी उकिडवे बसून गाडीखाली डोकावले.

काकूंनी पर्स खांद्याला अडकवली.

“विमानतळाची बस समोरच थांबते ना?” त्यांनी बाईंना हळूच विचारलं, आणि बाईंनी मान डोलावताच काकू रस्ता ओलांडू लागल्या.