ही खरखर मुद्दाम ठेवलेली आहे

—आणि दुखलं तर नुसतं 'ऊं' करा, बोलायला जाऊ नका, जिभेला भूल चढलीय तुमच्या, जे बोलाल ते मला भलतंच ऐकू येईल. मोठ्ठा आऽ करा. अजून. शाब्बास. काय, शिडी? शिडी कुठे जात नाही पेंटरकाका, दारातच आहे, रंगाच्या डब्यांवर आईने वर्तमानपत्र टाकलंय. पाटी काय, होईलच की. इतकी वर्षं तिच्यावर बाबांचं एकट्याचं नाव आहे, अजून अर्धा तास राहिलं तर काय बिघडतंय— आणि अशी ठणकती दाढ घेऊन शिडीवर चढायचं म्हणजे काय, हात थरथरला असता, 'डॉक्टर'चा काना तिरपा गेला असता, मग दात सरळ करणाऱ्यांची पाटीच वाकडी म्हणून सगळा रस्ता हसला असता. मी बघितलं ना खिडकीतून, गाल धरून उभे होतात. मीच बाबांना म्हटलं, आधी यांची दाढ, मग माझं नाव. बाबा म्हणाले, बघ, आत्तापासून डॉक्टरसारखी बोलायला लागली. बाबांना काय, आज मी शिंकले तरी कौतुक आहे.

हं. आता हे गाणं. आत आल्या आल्या स्पीकरकडे बघितलंत तुम्ही, मला कळलं. बिघडलेला नाहीये तो. ही खरखर मुद्दाम ठेवलेली आहे. सगळ्यांना आधी तसंच वाटतं— आई तर पहिल्या दिवशी बाहेरच्या टेबलावरून उठून आत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "कोण गेलं गं?" कोणी गेलं नाही म्हटलं, हे आहेच असं. तर म्हणे, मग त्यांना कोणीतरी दोन घास जेवायला घाला. आणि बाबा— बाबा त्या प्लायच्या भिंतीपलीकडून ओरडले, "अगं, ही खरखर जावी म्हणून आम्ही सगळं तारुण्य कापसाने कॅसेटचं हेड पुसण्यात घालवलं, आणि तुम्ही ती परत आणून वर तिला कला म्हणता?" पेशंटच्या तोंडात आरसा तसाच, आणि पेशंटपण हसतोय. म्हणजे माझ्या घरात माझ्या गाण्यांची किंमत ही अशी— जरा डावीकडे वळा, गाल सोडा, घट्ट नका धरू— ही अशी आहे.

कुठे सापडलं म्हणाल तर कुठेच नाही, मी शोधतच नव्हते. कॉलेजात शेवटच्या वर्षाला आमची एक मैत्रीण होती, तिला आम्ही रेडिओ म्हणायचो कारण ती बंदच व्हायची नाही, तर तिने बसमध्ये एक इअरफोन माझ्या कानात खुपसला आणि म्हणाली, हे ऐक आणि तोंड उघडू नकोस. दुपार होती, बस रिकामी, ऊन सीटवर. आणि ते सुरू झालं— धप्… टाऽ… धप्… टाऽ… मशीनच्या खोक्यातला ढोल, अगदी आमच्या वडलांच्या जमान्यातला, आणि त्याच्यावर तो लांबच लांब सूर, जुना टीव्ही लावल्यावर चित्र यायच्या आधी जो उजेड यायचा ना हळूहळू, तसा. आणि बाई गातेय ती विहिरीच्या तळातून. मला एक शब्द कळला नाही. पण असं काहीतरी झालं— म्हणजे ज्या घरात आपण कधी राहिलोच नाही त्या घराची आठवण यावी तसं. ही मशीनं माझ्या जन्माच्या आधीच अडगळीत गेलेली, काकाऽ, मला त्यांची आठवण यायचं काही कारण आहे का? नाही. तरी आली. माझा स्टॉप गेला, पुढचा गेला, मी उतरलेच नाही. रेडिओ म्हणाली, गेलीस तू. आणि करणारी माणसं कोण, तर माझ्याच वयाची तीन पोरं, कुठल्यातरी थंड गावात, तळघरात, भंगारातून उचललेले कीबोर्ड दुरुस्त करून वाजवणारी. म्हणजे त्यांनीही तो जमाना पाहिलेला नाही. ऐकीव माहितीवर एवढं उदास व्हायचं म्हणजे कौतुकच आहे.

हसू नका, ड्रिल लागेल. आणि तुम्हाला हसण्यासारखं काय आहे— तुमचंच बघा ना. मधे सगळे छापील फ्लेक्सवर गेले, तुमचे ब्रश वाळले. आणि आता कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याने मुद्दाम हाताने रंगवलेली पाटी मागितली, सावलीवाली अक्षरं, ती तुम्हीच केलीत ना? ओळखलं मी, तुमच्या 'क'चं पोट तसंच असतं. आणि रंग थोडा उडालेला दिसू दे असंही सांगितलं असेल त्याने. सांगितलं? मग? तेच तर सांगतेय मघापासून.

आता ऐका, ही गंमत. मी मशीन लावते… ऐकलं? गाण्यातला सूर आणि मशीनचा सूर— एकच. लोक या आवाजाला घाबरतात, खुर्चीचा हात धरून ठेवतात, पण हे गाणं मागे असलं की ड्रिल त्यात विरघळून जातं, कुठे गाणं संपलं नि कुठे मशीन लागलं कळत नाही. मी पेशंटची बोटं बघते, सैल होतात. तुमचीही झाली. आणि दाढेला टेकलं की सूर उतरतो— असा— किडलेलं मऊ असलं की भोंगळ येतो, खालचा चांगला दात लागला की घट्ट, स्वच्छ. की समजायचं, थांबा. मी निम्मं काम कानानेच करते. हे कॉलेजात नाही शिकवत कोणी. बाबांनी शिकवलं. लहानपणी शाळा सुटली की मी पलीकडे स्टुलावर बसायचे आणि बाबा पेशंटच्या तोंडात बघत म्हणायचे, सांग पिल्या, कीड संपली की आहे? आणि मी अभ्यासाच्या पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायचे, आहे अजून. आणि असायची.

हे आत्ता वाजतंय ते कोणाचं म्हणाल— ते… तीन पोरांचंच. शेवटचं गाणं आहे त्यांच्या नव्या अल्बमचं. हा जो खालून जातोय ना सूर, गुरगुरल्यासारखा, कोणीतरी झोपेत गुणगुणल्यासारखा— तो… बरं, तुम्हाला कुठे बोलता येतंय. तो माझा आहे. म्हणजे बाबांचा आहे. बाबांचं जुनं मशीन. मी भिंतीला फोन लावून धरला होता, त्याचा वेग निम्म्याने कमी केला, परत निम्म्याने, तर तो असा निघाला. त्या पोरांनी सगळ्यांना सांगितलं होतं, तुमच्या घरातला एक आवाज पाठवा. लोकांनी घंटा पाठवल्या, पाऊस पाठवला, मांजरं पाठवली. मी बाबा पाठवले, आणि सोबत त्यांच्यावर मीच बांधलेली एक चाल. आणि ते गाणं त्यांनी त्याच्यावर उभं केलं, आणि चाल माझी घेतली, काकाऽ, सगळीच्या सगळी. आणि गेल्या आठवड्यात मी ते इथे पहिल्यांदा लावलं, कोणाचं ते न सांगता, म्हटलं बघू तर बाबा ओळखतात का. बाबांनी कान दिला. खरंच दिला, हातातलं काम थांबवून. आणि म्हणाले, "हे ज्याने केलंय ना, त्याला बरं नाहीये."

मी हसले. सगळेच हसले. जोक चांगला होता.

तोंड उघडं ठेवा. नाही, अजून आहे थोडं. …काय ऊं? दुखतंय? नाही? मग घड्याळाकडे काय बघताय— बरं, ऐका. दाढ तुमची मघाशीच झालीय. भरली, निळा दिवा मारून पक्की केली, सगळं झालं. मी नुसती पॉलिश करतेय. किती चकचकीत करणार एका माणसाची दाढ, मलाही लाज वाटतेय आता. पण तुमचं तोंड मिटलं की तुम्ही शिडीवर चढणार, आणि तुम्ही शिडीवर चढलात की ते नाव लागणार, आणि ते नाव लागलं की मी काय बोलणार मग? त्या पोरांनी बोलावलंय मला, त्यांच्याबरोबर वाजवायला. गावोगाव लहान हॉल आहेत, सहा महिने, जास्तही. सोमवारी निघायचंय. सगळं ठरलंय, बॅग पलंगाखाली आहे, आईला माहीत आहे असं मला वाटतं, कारण तिने तिथे झाडणं बंद केलंय. फक्त बाबांना माहीत नाही, आणि पलीकडे त्यांचं मशीन चालू आहे तोवर हे ऐकूही जायचं नाही. रोज सकाळी ठरवते, आज सांगते. आज तर ते स्वतः शर्टाला इस्त्री करून आले, पाटीसाठी. पाटीसाठी कोणी इस्त्री करतं का? त्यांना सांगून बघा काही अशा दिवशी.

आणि मला दात आवडत नाहीत असंही नाही, तसं असतं तर सोपं होतं. मला हा आवाज आवडतो, ही खुर्ची आवडते. पण जगात एवढं सगळं वाजत असताना मी एका प्लायच्या भिंतीच्या अलीकडे बसून पलीकडचं ऐकायचं, आणि तेच वर्षानुवर्षं— नाही होणार माझ्याने. तरुणपणीच कळलेलं बरं ना हे? एकदा पाटीवर गेलं की माणूस पाटीसारखाच एका जागी राहतो.

असू दे. मी काय म्हणत होते, तुम्ही माझं नाव जरा बारीक काढा. खाली, कोपऱ्यात. बाबांच्या निम्म्या अक्षरात, म्हणजे पुढेमागे पुसायला— काय? हात का हलवताय? तसं नाही सांगितलंय? मग काय, सारखं? एकाच मापाचं?… बोटं दाखवताय ती काय— मोठं? त्यांच्याहून मोठं? नीट दाखवा. कोणाचं मोठं, माझं?

वर?

…बाबांनी सांगितलं हे? स्वतः?

चूळ भरा. भरा, समोर ग्लास आहे. त्या बाजूने संध्याकाळपर्यंत चावू नका, ओठ सुन्न आहे, कळायचं नाही नि चावून ठेवाल. नाही, शिडी नका लावू. डबे उघडू नका अजून. नाही, तुम्ही काही सांगायचं नाही त्यांना, तुम्ही कशाला, मी सांगते. आत्ताच. गाणं राहू दे चालू.

बाबा… बाबा, जरा मशीन बंद करता का. नाही, पेशंटला काही झालं नाही. मला बोलायचंय.

…केलं त्यांनी बंद.

जा तुम्ही, पेंटरकाका. बाहेर बसा थोडा वेळ. दार ओढून घ्या जाताना.