श्रीशैलसाठी शिवलेली सीट

मी मूळची वैरागची. वडील शिंपी होते, बाजारात एका किराणा दुकानाच्या कट्ट्यावर मशीन टाकून बसायचे, सदरे, बंड्या, पोरांच्या चड्ड्या असलं शिवायचे. माझी चौथी झाली अन् शाळा सुटली, मग मी त्यांच्याजवळ काजं करायला बसले, ती लगीन ठरस्तोवर तितंच. मला बोलायची लई भीती वाटायची, अजूनबी वाटते. दुकानात चार माणसं आली की मी मान खाली घालून टाके घालत राहायची. म्हणून वडिलांनी लग्नात मला भांडी कमी दिली अन् शिवणाचं मशीन दिलं. म्हणले, हिला कुणाकडं काय मागता येत न्हाय, निदान शिवून खाईल.

सोलापुरात आमच्या मालकांचं गाड्यांच्या सीटचं दुकान. दुकान कसलं, अक्कलकोट रस्त्याला पत्र्याची टपरी. स्कुटर, फटफटी, रिक्षा, सगळ्यांच्या गाद्या भरायच्या, वरनं रेक्झिनचं कव्हर घालायचं. कापायचं, ठोकायचं, बसवायचं ते करायचे, शिवण मात्र घरात माझी. अन् रेक्झिन म्हंजे सदरा न्हाय बघा, सुई तापते, कापड चिकटतंय, तेलाचं बोट लावत लावत ओढावं लागतं, अन् एकदा सुईचं भोक पडलं की ते बुजत न्हाय, टाका चुकला की सगळा तुकडा वाया. गिऱ्हाइकांना वाटायचं मालकच शिवतात. मालकबी तसंच सांगायचे. मला त्याचं काय वाटायचं न्हाय. तवा वाटायचं न्हाय.

घरात सासूबाई, त्यांना मी अत्ती म्हणायची. लिंगायत आमीबी अन् तीबी, पण ती माणसं अक्कलकोटच्या अंगाची, आपसांत कानडी बोलायची. मला पहिल्या वर्षी कळत नव्हतं, पुढं सगळं कळायला लागलं, पण बोलता येत न्हाय म्हणून त्यांना वाटायचं की हिला कळतच न्हाय. अत्तींचं एकच पालुपद. आमच्यात लगीन झालं की जोडीनं श्रीशैलला जायचं, तितल्या मल्लय्या महादेवापुढं जोडीनं अभिषेकाला बसायचं, त्याबिगर ते लगीन पुरं धरत न्हाईत. आमचं ते राहून गेलं होतं. लग्नाच्या वर्षी दुष्काळ पडला, मग सासरे गेले, मग टपरी टाकली, असं करत सात वर्षं गेली. मूलबाळ न्हाय. त्याचंबी खापर त्या राहिलेल्या अभिषेकावरच. शेजारीण आली तर अत्ती माझ्या देखत म्हणायच्या, आमची ही अर्ध्या लग्नाची. काय सांगू तुमाला, मला दागिना नको, लुगडं नको, एकदा श्रीशैलला जाऊन त्यांच्याशेजारी बसून यावं, एवढंच मनात असायचं.

टपरीच्या शेजारी इस्माईलभाईंचं गॅरेज. त्यांच्याकडं एक जुनी फटफटी बरेच दिवस उभी होती, मालकांनी ती घेतली, इस्माईलभाईंनी इंजिन उतरवून नवं केल्यागत केलं. अन् एक दिवस जेवताना मालक म्हणले, या खेपेला श्रीशैल. गाडीवरच जायचं, तू अन् मी. माझ्या हातातली आमटी ताटाबाहेर सांडली. अत्ती म्हणल्या, सांडूच दे आता, देवाला निघालीस न्हवं.

मग दीड महिना नुसती तयारी. इस्माईलभाईंनी रस्ता सांगितला अन् मी तो कागदावर लिहून घेतला, अक्कलकोट, गुलबर्गा, रायचूर, कर्नूल, आत्मकूर, मग जंगल, मग घाट. मशीन चालवताना मी तो तोंडानं म्हणत राहायची. सोबत काय काय घ्यायचं त्याचीबी यादी, क्लचची तार, एक्सलेटरची तार, प्लग दोन, ट्यूब दोन, पंक्चरचं सोल्युशन, हवा भरायचा पंप. ह्या सगळ्याला मी जाड चादरीच्या कापडाची खणाखणाची पिशवी शिवली, कुठली वस्तू कुठल्या खणात ते डोळे मिटून सांगितलं असतं. साडी चाकात जाऊ नये म्हणून मालकांनी मागच्या चाकाला जाळी बसवली. एका रविवारी होटगीच्या रस्त्याला बसायची सवय करायला घेऊन गेले. बाईमाणूस एका अंगाला पाय सोडून बसतं, तासाभरात माझी कंबर मोडून आली. घरी येऊन मी ठरवलं की सीटच वेगळी करायची.

तशी सीट सोलापुरात कुणी केली नसंल. खाली काथ्या, वर फोम, पण मागचा भाग डाव्या अंगाला रुंद अन् जास्त भरलेला, कडेला उतार, म्हंजे मांडीखाली कड रुतत न्हाय, अन् पाठीकडं थोडा उंचवटा. पुरुषाला त्याच्यावर दोन्हीकडं पाय टाकून बसणं नीट जमणार न्हाय, ती बाईचीच जागा.

आता माप कसं घ्यायचं? मीच बसले तर खडूनं आखणार कोण? तवा आमच्याकडं गौरा होती. गौरा म्हंजे माझ्या नणंदेची मुलगी, वळसंगची, एकोणीस वर्षांची, वर्षभर माझ्याकडं शिवण शिकायला राहिली होती. अंगानं माझ्याएवढीच. लई गोड पोर, माझ्या केसांना तेल लावायची, मी अबोल म्हणून माझ्या वाटचंबी बोलायची. मी म्हटलं, गौरा, बस बघू गाडीवर. ती म्हणली, मी कशाला मामी, तुमी बसा की. मी म्हटलं, मग खडू कोण धरंल, तुझा मामा? ती हसली अन् बसली, अन् मी वाकून तिच्या भोवतीनं खडू फिरवला, दोनदा तिला उठवून बसवली, कुटं रुततंय का विचारलं. म्हणली, मामी, ह्याच्यावर तर झोप लागंल.

एक गोष्ट तुमाला सांगायला पायजे. त्यांच्यात सख्ख्या बहिणीची मुलगी मामाला देतात. आमच्या घरात असलं न्हाय, आमच्याकडं मामा म्हंजे बापाच्या जागी. गौरा पाळण्यात असताना नणंदेनं बोलून ठेवलं होतं म्हणे की ही माझ्या भावाची. मग ती लहान पडली अन् मालकांचं माझ्याशी झालं. हे मी ऐकून होते. पण मी आपली वैरागच्या डोळ्यानं बघायची. मामा भाचीला बांगड्या आणतोय, मामा भाचीला बाजारात नेतोय, मला त्यात वावगं काय दिसणार. उलट मला बरं वाटायचं की घरात लेकरू नसलेल्या माणसाला माया लावायला कुणीतरी हाय.

निघायच्या आठ दिवस आधी गौरा ज्वारीच्या काढणीला म्हणून वळसंगला गेली. अन् चार दिवस आधी मालक म्हणले, तुझं राहू दे या खेपेला. गाडी जुनी, पुढं जंगलाचा रस्ता, मेकॅनिक सोबत पायजे, इस्माईलभाई येतोय. मी म्हटलं, मग जोडीनं बसायचं? म्हणले, मी पुढं जाऊन देवाला सांगून येतो, पुढल्या वर्षी दोघं बसू. अत्तींनी त्या दिवशी मला टोमणा मारला न्हाय, पाठीवर हात फिरवून म्हणल्या, बाईला एवढं लांब झेपत न्हाय गं. अन् त्या चार दिवसांत मायलेक माझ्यासमोर कानडीसुद्धा बोलले न्हाईत. तितंच मला कळायला पायजे होतं.

मला वाईट वाटलं, पण मी तयारी सोडली न्हाय. माणूस एवढ्या लांब जातोय म्हटल्यावर करावंच लागतं की. दोन दिवस बसून कडक भाकरी केल्या, फडक्यात बांधल्या. शेंगाची चटणी कुटली, मालकांची वेगळी अन् इस्माईलभाईंना तिखट लागतं म्हणून त्यांची वेगळी, डब्याला लाल दोरा बांधून दिला. मी म्हटलं, आता दोघं पुरुषच तर ती जाळी काढा, सीटबी जुनीच टाका, इस्माईलभाईंना ह्याच्यावर बसवायचं न्हाय. म्हणले, राहू दे, आता वेळ कुटं हाय. सोमवारी दिवस उगवायला मी गाडीच्या दिव्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. इस्माईलभाई नाक्यावर उभा हाय म्हणले अन् गेले.

नवव्या दिवशी आले. चेहरा उन्हानं रापलेला, पण माणूस खुशीत. प्रसाद दिला, घाटातली माकडं सांगितली, नदी सांगितली. मी सगळं ऐकून घेतलं, पुढल्या वर्षी आपल्याला हेच बघायचंय म्हणून नीट ध्यानात ठेवलं.

पंधरवड्यानं सीटची एक शिवण उसवली म्हणून त्यांनी ती काढून घरी आणून टाकली. दुपारी मी कव्हर सोडवलं. अन् बघत राहिले. इतकी वर्षं मी लोकांच्या सीटा उघडत होते. कोण एका कुशीवर बसतो, कुणाच्या मागं जड पोती असतात, कोण एकटाच हिंडतो, भरण बघून मला सांगता येतं. ह्या सीटचा मागचा डावा भाग मळल्या कणकेसारखा दबून माझ्या उतारावर बरोबर बसला होता. उजवा भाग मी भरला तसाच टरारलेला. हजार किलोमीटर एका अंगाला पाय सोडून बसणारं माणूस पुरुष नसतंय.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन टपरीवर गेले. मालक रेक्झिन आणायला पेठेत गेलेले. इस्माईलभाई एकटेच. परक्या पुरुषाला मी जन्मात कधी आपणहून काय विचारलं नव्हतं. मी म्हटलं, भाई, तुमची चटणी लई तिखट झाली होती का? ते म्हणले, कौनसी चटणी, भाभी? मग हातातला पाना खाली ठेवून म्हणले, मैं तो गयाच नै भाभी. उनो बोले, घरवालीकू लेको जारूं.

वळसंग अक्कलकोटच्या वाटेवरच हाय. गौरा रस्त्यावर येऊन थांबली असणार.

घरी येऊन मी मालकांना न्हाय, अत्तींना विचारलं. त्यांनी लपवलं न्हाय. म्हणल्या, तितंच मल्लय्यापुढं माळ घातली, जोडीनं अभिषेक झाला. आमच्यात भाचीचा हक्क पहिला असतोय. तुला कोण हाकलतंय? तू बी राहा की, मशीन तुझंच हाय. म्हंजे नणंदेला ठाऊक, अत्तींना ठाऊक, गौराला ठाऊक, अन् मी भाकरी बांधून दिली. मालक तर माझ्याशी तीन दिवस नजर मिळवीनात, चौथ्या दिवशी म्हणले, पुढल्या सोमवारी तिला आणतोय, तू दारात तिची ओटी भर. म्हंजे लोकांनी म्हणावं की थोरलीनं आपल्या हातानं घेतली. माझ्याकडनं त्यांना आता तेवढंच हवं होतं.

सोमवारी दारात गल्ली जमली. माझ्या हातात ताट, खण, नारळ, तांदूळ. गौरा नवं हिरवं लुगडं नेसून, मान खाली. अत्ती मागनं म्हणत होत्या, भर की, भर की. मला राग येत नव्हता, बोलायचंबी काय ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, गौरा, सीट कशी झाली होती गं?

ती घाबरून खरंच बोलून गेली. चांगली झाली होती मामी, कुटंच दुखलं न्हाय.

मी ताट तितंच उंबऱ्यावर ठेवलं. ओटी भरली न्हाय. अत्ती काय काय बोलल्या, कानडीत बोलल्या, मला सगळं कळलं. आत गेले, मशीनवरचं तेलाचं फडकं झटकून कमरेला खोवलं. गल्लीत उभ्या असलेल्या इस्माईलभाईंनी हातगाडी आणली अन् ते मशीन उचलून तिच्यावर ठेवलं. मालक कायतरी काम निघाल्यागत पाठमोरे उभे होते.

आता त्याला चार वर्षं झाली. पेठेत एका विणकर बाईंच्या घरी खोली घेतली हाय, त्या तेलुगू, मी मराठी, पण आमचं जमतंय. सीट शिवायचं काम माझ्याकडं आपणहून येतं, शिवण कुणाची होती ते लोकांना मालकांची पुढची दोन कव्हरं फाटल्यावर कळलं. गौराला मुलगी झाली. वडील गेले, वैरागला आता कुणी न्हाय.

मागल्या श्रावणात मी मठात गेले अन् विणकर बाईंना पुढं करून स्वामींना विचारलं, एकट्या बाईनं श्रीशैलला अभिषेकाला बसलं तर चालतं का. ते म्हणले, तुझ्या गळ्यात लिंग बांधलं ते तुझ्या एकटीच्या गळ्यात बांधलं न्हवं? त्याला जोडी कशाला लागते? दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. मला पायरी उतरताना रडू कोसळलं. हे मला त्या सात वर्षांत कुणी का सांगितलं न्हाय, अन् मी तरी कुणाला का विचारलं न्हाय.

स्टँडवर चौकशी केली हाय. रायचूरला गाडी बदलावी लागती, पुढं कर्नूलला. जमण्यासारखं हाय. मल्लय्याला मी दोष देत न्हाय, त्याच्यापुढं जे येऊन बसंल त्याचं पाणी तो घेतोय. त्या पोरीचंबी वाईट चिंतत न्हाय, तिच्या लेकराला सुखात ठेव म्हणते. पण एवढ्या लांब गेलं तर आपल्यासाठीबी काहीतरी मागावं लागंल, अन् ते काय, ते मला अजून सुचत न्हाय. सुचलं की निघीन.